गाडीचा विमा भरण्याआधी पॉलिसी उघडून पाहा

पांढुर्णा-सौसरहून मासोळी घेऊन आपल्या गाड्या सावनेरमार्गे नागपूरला जातात. 'विमा संपतोय' असा मेसेज आला की आपण पैसे भरून मोकळे होतो. थांबा, आधी एवढं पाहा :

१) वापर : खासगी कारच्या विम्यात मालवाहतूक बसत नाही. मागची सीट काढून मासोळीचे क्रेट नेताना अपघात झाला, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. धंद्याची गाडी असेल तर आरसी अन् विमा दोन्ही मालवाहू गाडीचेच पाहिजेत.

२) प्रकार : नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर समोरच्याची भरपाई होते, आपल्या गाडीची नाही.

३) आयडीव्ही : गाडी चोरीला गेली तर मिळणारी रक्कम यावर ठरते. हप्ता स्वस्त दिसला तर हा आकडा कमी केला का, ते बघा.

४) नो क्लेम बोनस : सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळते. मुदत संपून ९० दिवस उलटले की ही सूट गेली.

विमा नसताना पकडलं तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड आहे. पण अपघात झाला तर समोरच्याची भरपाई आपल्याच खिशातून जाते, त्यात घर-नाव विकायची पाळी येऊ शकते.

पॉलिसी समजत नसेल तर समितीत घेऊन या, सोबत बसून वाचू.