एक प्रकाश, की दोन?

पावसाळ्यात बोरी नदी भरून आली की नळदुर्गच्या पाणीमहालावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. पण खाली पात्रात मिसळलेले पाणी पाहून कोणते कुठून आले, हे कुणालाही सांगता यायचे नाही. उत्तेजित रेणूंचा अभ्यास करणाऱ्यांपुढे अशीच अडचण उभी असते. रेणू प्रकाश शोषतो आणि बहुधा काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, वेगळ्या रंगाचा प्रकाश सोडून शांत होतो. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या वर्णपटात सगळ्या क्षणांचा प्रकाश एकत्र होतो. त्यामागे उत्तेजित रेणूंचा एक प्रकार आहे की दोन, हे त्यातून उमगत नाही.

म्हणून काळही मोजावा लागतो. लेसरचा काही पिकोसेकंदांचा स्पंद सोडायचा, त्यानंतर फोटॉन किती उशिराने आला ते नोंदवायचे आणि हे लाखो वेळा करायचे. वेगवेगळ्या तरंगलांबींना अशी मोजणी झाली की क्षणाक्षणाचा वर्णपट तयार होतो. बरेचदा तो काळाबरोबर तांबड्या बाजूला सरकताना दिसतो. अशा आलेखांना दोन घातांकी पदे छान जुळतात, मग दोन प्रकार मानायला हरकत काय? हरकत मोठी आहे. भोवतालच्या द्रावकाचे रेणू वळून स्थिरावत असले, तरी वर्णपट सरकतोच आणि तिथेही तशीच पदे जुळतात. नुसत्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील कोटी, कृष्णा आणि पेरियासामी यांनी 2001 मध्ये यावर फार सुंदर कसोटी मांडली. प्रत्येक क्षणाच्या वर्णपटाखालचे क्षेत्रफळ सारखे करून घ्यायचे. प्रकाश देणारे प्रकार दोनच असतील, तर त्यांचे ठरलेले दोन आकार कुठेतरी एकमेकांना छेदणारच. त्या तरंगलांबीला दोघांची उंची समान. प्रमाण कितीही बदलले तरी तिथे फरक पडत नाही. म्हणून सगळे वर्णपट त्या एकाच बिंदूतून जातात. रेणूंच्या बदलाची गती कोणत्या सूत्राने चालते, हे आधी गृहीत धरावे लागत नाही, आणि मला या पद्धतीचे खरे बळ त्यातच वाटते.

बिंदू सापडला नाही तर? तेव्हा ही कसोटी एकटी पुरत नाही, कारण प्रकार तीन किंवा अधिक असू शकतात, किंवा एकच प्रकार द्रावकामुळे सलग बदलत असू शकतो. मग तापमान उतरवून द्रावक दाट करून पाहता येतो. सरकणे द्रावकामुळे असेल, तर ते त्याच्या दाटपणाबरोबर मंदावायला हवे.