करजगीमार्गे पुढे : सीमाभागातील बस-सहल

अफझलपूर तालुक्यातील करजगीच्या बाजूने गाणगापुरास बसने जाणारी मंडळी बहुधा दर्शन घेऊनच परततात. त्यांनी आणखी दोन दिवस काढावेत. कलबुर्गीच्या किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद संपूर्ण छताखाली आहे, अंगण नाही. बीदरला महमूद गवानने १४७२ मध्ये बांधविलेल्या मदरशाचा एक मनोरा उभा आहे.

मात्र बसवकल्याण चुकवू नये. चालुक्यांच्या या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वडिलोपार्जित जमिनीत पुत्राचा जन्मतःच हक्क, हे तिचे तत्त्व आपल्या घरोघरच्या वाटण्यांत शतकानुशतके चालत आले. महाराष्ट्र व कर्नाटकात १९९४ साली आणि देशभर २००५ साली तो हक्क कन्येसही मिळाला. चालुक्यकालीन अवशेष तेथे थोडेच आहेत. तेव्हा शिक्षकांनी ही हकीकत बसमध्येच सांगावी.