बालहट्ट

बालहट्ट म्हणजे साधारण एक ते चार वर्षे वयाच्या मुलाने मनासारखे न झाल्यास केलेला तीव्र आक्रोश व अडवणूक. जमिनीवर लोळण घेणे, हातपाय आपटणे, वस्तू फेकणे, चावणे, अंग ताठ करणे ही त्याची नेहमीची रूपे होत. राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट यांपुढे कोणाचे काही चालत नाही, अशी समजूत मराठीत रूढ आहे. आकाशातील चंद्र मागणाऱ्या बाळ रामाला आरशात चंद्र दाखवल्याची कथा याच संदर्भात सांगितली जाते.

कारणे

दीड-दोन वर्षांच्या मुलाला समजते पुष्कळ, पण बोलता येते थोडे. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास बहुतेक मुले दोन शब्द जोडू लागतात. मात्र वाटी कोणती हवी, चप्पल स्वतःच का घालायची आहे, हे सांगण्यास तेवढे शब्द पुरत नाहीत. शिवाय भावना आवरण्याचे काम मेंदूच्या ज्या पुढील भागाकडे असते, त्याची वाढ विशी उलटेपर्यंत चालू राहते. त्यामुळे हट्ट हा वळण नसल्याचा पुरावा मानता येत नाही. तो वाढीचाच एक टप्पा आहे. भूक, थकवा व अपुरी झोप यांनी तो बळावतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह 11 ते 14 तास झोप आवश्यक असते.

रडे थांबवण्याचे उपाय

रडणाऱ्या मुलाला गप्प करण्याची निकड बहुधा मोठ्यांच्या कामातून येते. व्हिटली आयोगाच्या 1931 च्या अहवालात, मुंबईतील गिरणी कामगार स्त्रिया कामावर जाताना लहान मुलांना अफू देत असल्याची नोंद आहे. अफूयुक्त बाळगोळी त्या काळी दुकानांत मिळत असे. मूल झोपून राही. पण त्याची भूक मरे आणि मात्रा चुकल्यास श्वास मंदावून मृत्यूही ओढवे. आज हातात मोबाईल दिला जातो. तो विष नव्हे, परंतु देण्याचे कारण तेच आहे. वर उल्लेखिलेल्या सूचना दोन वर्षांपर्यंत पडद्यासमोर बसवणे नको, आणि त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको, असे सांगतात.

मारणे व भीती दाखवणे यांविरुद्ध गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या काळापासून सातत्याने मांडणी केली. बुवा येईल, पोलीस नेईल, ही धमकी मुलाला गप्प करते. शांत करत नाही. आक्रोश चालू असताना उपदेश ऐकू जात नाही. मोठ्याने जवळ राहावे, मुलाला लागणार नाही एवढे पाहावे, कमी बोलावे. आणि आधी नाकारलेली वस्तू केवळ रडण्यामुळे देऊ नये. हे सांगण्यास सोपे आहे. पाहुण्यांसमोर किंवा एसटीत पाळणे अवघड जाते.

श्वास धरणे

काही मुले रडता रडता श्वास धरतात, ओठ निळे पडतात आणि काही क्षण शुद्ध हरपते. हे पाहून घरातील माणसे घाबरतात; कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे असे उपाय होतात. मुलाला कुशीवर निजवावे, तोंडात काहीही घालू नये. श्वास आपोआप परत येतो. मात्र पहिल्याच वेळी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. या प्रकाराचा संबंध अनेकदा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी असतो आणि लोह दिल्यावर तो पुष्कळ मुलांत कमी होतो. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर लोहाचे औषध देण्याची तरतूद आहे.

ग्रामीण संदर्भ

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावांत निंदण आणि वेचणीच्या हंगामात आई दिवसभर शेतात असते. एकात्मिक बालविकास सेवा योजनेनुसार (1975) अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण व गरम आहार तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असतो. त्याहून लहानांना घरपोच आहार मिळतो. म्हणजे हट्टाचे वय ऐन भरात असताना मूल आजीजवळ, थोरल्या बहिणीजवळ किंवा धुऱ्यावरच्या झोळीत असते. थोरली बहीण स्वतः शाळेच्या वयाची असेल, तर तिची शाळा बुडते. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी केंद्र शासनाची ‘पाळणा’ ही पाळणाघर योजना आहे.

दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, बोलत असलेले शब्द विसरू लागले असेल किंवा हट्टात स्वतःला वारंवार इजा करत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी करता येते. हे पथक अंगणवाडीत येते. या परिसरातील बंजारा तांड्यांवर घरची बोली गोरमाटी असते. तेथील मुलाचे बोलणे तपासताना केवळ मराठी शब्द मोजले, तर व्यवस्थित बोलणारे मूलही मागे पडलेले दिसते.