मोर्चा पुण्यात, पाहुणे लातुरात

लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं आत शिरा, दहा पावलांवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच. ओळखीचं नसलं तर ते ओळख काढतं. "कोणाचा रे बाबा तू?" आधी गाव, मग आडनाव, मग मामाचं गाव, दोन मिनिटांत काहीतरी पाहुणेपण निघतं. नांदेडच्या वजिराबादेतही तीच तऱ्हा. मराठवाड्यात हा प्रश्न म्हणजे मोठा आधार आहे. दवाखान्यात खाट मिळवायची असो की पोराला पुण्यात खोली बघून द्यायची असो, कामाला येतात ते पाहुणेच. पण ज्या मुलाला मुलगाच आवडतो, किंवा ज्या मुलीचा जीव मैत्रिणीत अडकलाय, त्यांना याच प्रश्नाची धास्ती वाटते. कारण उत्तरात त्यांच्यासोबत बाप येतो, लग्नाची बहीण येते, अख्खी भावकी येते.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिथून दरवर्षी एक मोर्चा जातो. इंद्रधनुष्याच्या रंगांचे झेंडे, ढोल, हातात पुठ्ठ्याचे फलक, पुढं-मागं पोलीस. इंग्रजी वर्तमानपत्रं त्याला प्राइड परेड म्हणतात. संभाजी उद्यानापाशी जमायचं, डेक्कनला वळसा घालून फर्ग्युसन रस्त्यानं फिरायचं, असा साधारण बेत. अलीकडं तो जूनमध्ये निघतो, म्हणजे पावसाचा भरवसा नाही आणि रेनकोटचे रंगही झेंड्यात मिसळतात.

पुण्यातला पहिला प्राइड मार्च ११ डिसेंबर २०११ ला, रविवारी निघाला. तो काढला समपथिक ट्रस्टनं. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ही संस्था सुरू केली. नोकरी सोडून समलिंगी लोकांसाठी काम करणाऱ्या, मराठीतून भाषणं देणाऱ्या, पुस्तकं लिहिणाऱ्या या माणसानं एक गोष्ट फार आधी ओळखली होती. इंग्रजीत मुबलक साहित्य असलं तरी तालुक्याच्या गावातल्या पोराच्या हाती त्यातलं काही पडत नाही. त्यांचं 'पार्टनर' हे पुस्तक म्हणूनच महत्त्वाचं. पुढच्या योगायोगाला काय म्हणावं? मोर्चाला बरोबर दोन वर्षं झाली त्याच तारखेला, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९ चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंध पुन्हा गुन्हा ठरले.

तसा पुण्याचा नंबर उशिराच लागला. भारतातला पहिला असा मोर्चा कोलकात्यात २ जुलै १९९९ ला निघाला, आणि त्यात चालायला होते जेमतेम १५ जण. मुंबईकरांनी मुहूर्त मोठा हुशारीनं निवडला. १६ ऑगस्ट २००८, स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस. ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी. त्याचं नावच 'क्विअर आझादी'. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी आणलेलं, तेव्हा इंग्रज सरकारनं माफी मागावी, अशी मागणी त्यात होती. नागपुरात २०१६ च्या मार्चमध्ये सारथी ट्रस्टच्या पुढाकारानं पहिला मोर्चा झाला. विदर्भातली पोरं त्यामुळं घराजवळ चालू लागली. नांदेड-लातूरच्या पोरांना अजून पुणं-मुंबईच गाठावी लागते.

गाठणं अवघड नाही. नांदेडहून परभणी, परळी, लातूरमार्गे पुण्याला जाणारी रात्रीची रेल्वे आहे, ट्रॅव्हल्सच्या स्लीपर बस आहेत. घरी सांगायला कारणंही तयार असतात: परीक्षा, मुलाखत, मित्राचं लग्न. खरं तर अनेकांना गाडीसुद्धा लागत नाही. मराठवाड्यातली हजारो मुलं-मुली आधीच पुण्यात आहेत. कुणी हिंजवडीला, कुणी चाकणच्या कारखान्यात, आणि स्पर्धा परीक्षावाले सदाशिव-नारायण पेठेत कॉट बेसिसवर. अभ्यासिका, मेस आणि चहाची टपरी एवढ्या त्रिकोणात त्यांची वर्षं जातात. मोर्चाचा रस्ता तिथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर. म्हणून अशा मोर्चात चालणाऱ्यांइतकंच लक्ष समोरच्या फुटपाथवर ठेवावं. हातात चहाचा कप धरून, सहज थांबल्यासारखं दाखवत, तासभर उभं राहणारे काही जण तिथं असतात. ते सगळे बघेच असतील असं नाही.

फुटपाथवरून रस्त्यावर उतरायला तीन पावलं लागतात. त्या तीन पावलांची भीती पोलिसांची नाही. पोलिसांची तर रीतसर परवानगी घेतलेली असते, मार्ग ठरलेला असतो, वाहतूकही तेच वळवतात. भीती असते कॅमेऱ्याची. पूर्वी मोर्चाचा फोटो शहर आवृत्तीत छापून यायचा आणि लातूरच्या आवृत्तीपर्यंत पोचायचाच असं नव्हतं. आता मोर्चा गुडलक चौकात पोचायच्या आत व्हिडिओ निलंग्याच्या एखाद्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचलेला असतो, आणि त्या ग्रुपवर चुलते असतात. म्हणून सुरुवातीच्या मोर्चांत मुखवटे दिसायचे. करोनानं सगळ्यांनाच मास्क लावायची सवय लावली, ती इथं कुणाकुणाच्या कामी आली. काही जण गॉगल लावतात, काही फलक नेमका चेहऱ्यासमोर धरतात. अभिमानाच्या मोर्चात तोंड लपवून कशाला चालायचं, असं पुण्या-मुंबईतल्या इंग्रजी बोलणाऱ्या मंडळींना वाटू शकतं. ज्यांचं घरभाडं बाप भरतो आणि ज्यांच्या बहिणीची सोयरीक ठरायची आहे, त्यांना तसं वाटत नाही.

कपड्यांवरूनही वाद झाले. मोर्चात भडक कपडे, नाचगाणी नकोत, साधेपणानं चालावं, असा आयोजकांचा आग्रह २०१७ मध्ये पुण्यात चांगलाच गाजला. टीकाकारांचं म्हणणं होतं की सभ्यतेच्या याच मापानं तर आम्हाला आजवर घराबाहेर ठेवलं. आग्रह धरणाऱ्यांचा हिशेब वेगळा होता. रस्त्याकडेच्या मध्यमवर्गीय माणसानं दचकून मान फिरवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. टीकाकारांचा मुद्दा तत्त्वाचा होता आणि तो बरोबरच होता. तरी २०१६ चे मराठा समाजाचे लाखालाखांचे मूक मोर्चे पाहिलेल्या मराठवाड्याला न बोलता चालण्यातली ताकद कळत नाही, असंही कुणी म्हणू नये.

या सगळ्या रंगांत मराठी माणसाची नजर खिळते ती पालकांवर. मुंबईत २०१७ मध्ये 'स्वीकार' नावाचा पालकांचा गट तयार झाला. समलिंगी, तृतीयपंथी मुलांचे आईवडील त्यात एकत्र येतात. साधी साडी, खांद्याला पर्स, हातात आपल्या लेकराच्या बाजूनं लिहिलेला फलक अशी आई मोर्चात दिसली की ढोलवालेही क्षणभर तिच्याकडं बघतात. ड्रॅगचा, म्हणजे बाईच्या सोंगाचा, पोशाख चढवून आलेल्या दहा जणांपेक्षा ही एक बाई टीव्हीवर दिसणं नांदेडच्या घरात जास्त परिणाम करतं.

आता थोडं आपल्या अंगणात. बाईच्या वेशातला पुरुष मराठवाड्यानं पाहिलाच नाही, असं कोण म्हणेल? लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, उंट, गाढवं यांचा बाजार आणि रात्री तमाशाचे फड. फडात नाच्या आला की शिट्ट्या पडणारच. देवीच्या दारी साडी नेसलेल्या जोगत्याच्या परडीत बायका श्रद्धेनं जोगवा घालतात. घरी बाळ झालं की तृतीयपंथीयांना बोलावून बधाई दिली जाते, त्यांचा आशीर्वाद घेतला जातो. म्हणजे फडावर चालतो, देवळात चालतो, दारात चालतो. उंबऱ्याच्या आत, जेवणाच्या पंगतीला मात्र चालत नाही. गणपत पाटलांनी मराठी सिनेमात नाच्या इतका हुबेहूब वठवला, की चारचौघांसारखा संसार असूनही लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यात त्याच नजरेनं पाहिलं. सोंगाला टाळ्या मिळाल्या, माणसाला टोमणे.

हे फॅड परदेशातून आलं, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी केस आहे. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवत. वाचक लैंगिक शंका विचारत, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्याही असत, आणि कर्वे सरळ उत्तरं देत. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये उच्च न्यायालयात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वाचकांनी विचारलं तर मासिकानं उत्तर का देऊ नये, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. खटला हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून १६ वर्षं लढा झाला, तिथं ही केस क्वचितच कुणी सांगतं.

कायद्यानं पुढं बरंच काही केलं. १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला. ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखं कलमच नाही. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला न्यायालयानं नाकारला आणि संसदेकडं बोट दाखवलं. समलिंगी कल 'बरा' करून देतो म्हणणाऱ्या डॉक्टरचं वागणं २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी व्यावसायिक गैरवर्तन आहे. हे प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात ठळक लावायला हवं, कारण घरात कळल्यावर पहिली धाव एकतर लग्न लावण्याकडं असते, नाहीतर कुठल्यातरी डॉक्टरकडं वा बाबाकडं.

निकाल काही सगळे दिल्लीतच लागत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिला राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला होता. औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी २०२१ मध्ये त्यांना लढू दिलं, आणि त्या ग्रामपंचायतीवर निवडूनही आल्या. नांदेड-लातूरचे खटले याच खंडपीठात चालतात. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं होतं. त्यांना मत देणाऱ्या गावकऱ्यांनी प्राइडचं नावही ऐकलं नसेल. आपल्याला रस्ता-पाणी कोण देईल, एवढंच बघितलं असेल. त्यात वाईट काहीच नाही.

आशियातल्या बाकी शहरांचं काय? तैपेईत २००३ मध्ये पहिला मोर्चा निघाला आणि २४ मे २०१९ ला तैवान समलिंगी विवाहाला मान्यता देणारा आशियातला पहिला देश ठरला. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून अशी लग्नं कायदेशीर झाली. मराठवाड्याला जास्त जवळचा वाटेल तो काठमांडूचा मार्ग. तिथं वर्षभरात वारलेल्या माणसांसाठी गाईजात्रा निघते आणि त्याच दिवशी चेष्टा-मस्करी, सोंगं यांनाही मुभा असते. समलिंगी आणि तृतीयपंथीयांसाठी काम करणाऱ्या ब्लू डायमंड सोसायटीनं आपला मोर्चा या जत्रेच्याच दिवशी काढायला सुरुवात केली. लोकांना जो उत्सव ठाऊक होता त्यातच तो मिसळला. शिखांचा हल्ला-महल्ला दरसाल ज्याच्या रस्त्यावरून जातो त्या नांदेडला आणि सिद्धेश्वराच्या यात्रेला लोटणाऱ्या लातूरला मिरवणूक म्हणजे काय हे शिकवावं लागणार नाही.

इथला मोर्चा निघेल तेव्हा निघेल, तोवर गावात उपयोगाच्या गोष्टी कमी गाजावाजाच्या आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या एचआयव्ही समुपदेशन केंद्रात नाव गुप्त ठेवून बोलता येतं. लहान शहरांतल्या अनेकांनी स्वतःबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं ते अशाच ठिकाणी. २०१९ च्या कायद्यानं तृतीयपंथीयांच्या ओळखपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडं दिलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं आणखी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं काढायला अडचण नाही, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातले मानावं. बँकेतलं काम त्यातल्या त्यात सोपं, दोन सह्या आणि दोन आधार कार्डं. शिधापत्रिकेसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत जावं लागतं, आणि तिथला कारकून कुटुंबप्रमुखाशी नातं काय ते विचारल्याशिवाय पेन उचलत नाही.