ताट वेगळे काढून एचआयव्ही थांबत नाही

गरोदरपणातील नेहमीच्या तपासणीत सुनेला एचआयव्हीचा संसर्ग असल्याचे कळते. घरात आरडाओरड होत नाही, कोणी तिला माहेरी धाडत नाही. फक्त तिचे ताट, तांब्या आणि टॉवेल वेगळे होतात. एआरटी केंद्रातून आणलेल्या गोळ्यांची बाटली ती ज्वारीच्या डब्यात लपवते. घरात पाहुणे असले की त्या रात्रीची गोळी चुकते. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशकांना ही गोष्ट नवी नाही.

या घरात एड्सचे नाव न ऐकलेले कोणीच नसते. नाव ऐकणे वेगळे आणि आजार समजणे वेगळे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिला आणि ३१ टक्के पुरुषांनाच एचआयव्हीची सर्वांगीण माहिती असल्याचे आढळले. सर्वांगीण म्हणजे कंडोममुळे आणि एकनिष्ठ, संसर्ग नसलेल्या जोडीदारामुळे धोका कमी होतो हे माहीत असणे, दिसायला धडधाकट माणसालाही संसर्ग असू शकतो हे कळणे आणि डास चावल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा विषाणू पसरतो असे न मानणे.

याचे एक कारण सुरुवातीच्या प्रचारात आहे. भारतात १९८६ मध्ये पहिले रुग्ण आढळले, तेव्हा उपचार नव्हते. 'एड्स म्हणजे मृत्यू' हाच संदेश भिंतींवर रंगवला गेला. भीतीने माणूस सावध होईल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात भ्यालेला माणूस अनेकदा तपासणीच टाळतो आणि 'हा आजार वाईट चालीच्या लोकांचा, आपला नव्हे' अशी स्वतःची समजूत घालतो.

जिथे शिक्षण आपल्यातल्या माणसाकडून मिळाले, तिथे चित्र वेगळे दिसले. सांगलीत नव्वदच्या दशकात 'संग्राम' संस्थेच्या कामातून वेश्याव्यवसायातील महिलाच एकमेकींच्या शिक्षिका झाल्या. कंडोम वाटणे एवढेच काम नव्हते. ग्राहकाने नकार दिला तर काय बोलायचे, सगळ्यांनी मिळून आग्रह कसा धरायचा, हेही त्या एकमेकींना शिकवत. माहितीला एकजुटीचे बळ मिळाले की ती वागण्यात उतरते. याउलट, २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी आली. ज्या वयात प्रश्न पडतात, त्याच वयात उत्तरे देणारा वर्ग बंद झाला.

आज सांगण्यासारखे बरेच आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत एआरटी औषधे मोफत मिळू लागली. उपचार नसतील, तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो; वेळेवर उपचार घेतल्यास तो पाच टक्क्यांच्या खाली येतो. नियमित गोळ्यांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली जाऊन तसेच टिकले, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार नोकरी, शिक्षण आणि उपचारांत भेदभाव करण्यास मनाई आहे.

आता पुन्हा त्या घराकडे पाहू. वेगळ्या ताटाने कोणाचेच रक्षण होत नाही, कारण जेवणातून हा विषाणू पसरतच नाही. मात्र त्या ताटामुळे सून गोळ्या लपवते, गोळ्या चुकतात, विषाणू वाढतो आणि धोका होतो तो पोटातल्या बाळाला. एचआयव्ही बाधितांशी आपुलकीने वागणे हा म्हणूनच प्रतिबंधाचाही भाग आहे.

मनात शंका असेल, तर जवळच्या सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त राहते. १०९७ या मोफत क्रमांकावरही माहिती मिळते. आणि घरात कोणी गोळ्या घेत असेल, तर बाटली ज्वारीच्या डब्यातून काढून फडताळात, सहज हाताला येईल अशी ठेवू द्या.