सायकलीचे गिअर कसे जुळवावेत

माणसाच्या पायांची शक्ती मर्यादित असते. रस्ता मात्र सारखा बदलत असतो. चढ, उतार, समोरून येणारा वारा, पाठीवरचे ओझे यांपैकी काहीही बदलले की पायडलवर द्यावा लागणारा जोर बदलतो. सराव असलेला सायकलस्वार मिनिटाला साधारणपणे 70 ते 90 वेळा पायडल फिरवितो. पायांची ही लय फारशी न मोडता चाकाची गती रस्त्याप्रमाणे कमीअधिक करता यावी, यासाठी गिअरची योजना केलेली असते.

एक उदाहरण घेऊ. शर्यती धाटणीच्या नव्या सायकलीला पुढे 50 व 34 दात्यांची दोन दातेरी चक्रे आणि मागे 11 पासून 32 दात्यांपर्यंतच्या चक्रांचा संच आहे, असे समजा. साखळी पुढे 50 वर आणि मागे 11 वर असता पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक साडेचार वेळा फिरते व सायकल सुमारे साडेनऊ मीटर पुढे जाते. साखळी 34 आणि 32 वर आणली, तर तोच फेरा सायकलीला सव्वादोन मीटरच नेतो. पण जोर त्या मानाने पुष्कळच कमी लागतो. आपल्याकडील नेहमीच्या काळ्या सायकलीला एकच जोडी असते. म्हणूनच कात्रजचा घाट आला की तिचा स्वार खाली उतरून सायकल हातात धरतो.

दिल्लीसारख्या सपाट शहरात गिअरचा काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील. दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतून केंद्रीय सचिवालय पाचएक किलोमीटरवर आहे आणि या वाटेवर घाट नाही. परंतु दर सिग्नलपाशी थांबून पुन्हा शून्यापासून निघावे लागते. वसाहतीजवळच एम्सच्या उड्डाणपुलासारखे चढ आहेत. आणि उन्हाळ्यात पश्चिमेचा तप्त वारा तोंडावर आला, की सपाट रस्ताही चढासारखा भासतो. अशा ठिकाणी गिअर असावेत, आणि मुख्य म्हणजे ते नेमके पडावेत.

बोटांचे काम स्क्रूकडे

साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला डिरेलर म्हणतात. तूर द फ्रान्स या प्रसिद्ध शर्यतीत डिरेलर वापरण्याची मुभा 1937 साली मिळाली. त्यानंतरही कित्येक वर्षे गिअर बदलण्याच्या तरफेला ठरावीक थांबे नव्हते. स्वार तरफ हळूहळू सरकवी, साखळीचा आवाज ऐके आणि खरखर थांबली की हात थांबवी. जुळणी अशी दर वेळी त्याच्या बोटांनी होत असे. 1984 मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ठरावीक थांब्यांची पद्धत बाजारात आणली. एक ‘टक्’ झाली की केबल ठरावीक अंतर ओढली जाते व साखळी एक चक्र सरकते.

नवशिक्याची ही मोठी सोय झाली; मात्र बोटांची जबाबदारी आता केबलच्या ताणावर आली. आठ चक्रांच्या संचात शेजारच्या दोन चक्रांच्या मध्यांत सुमारे 4.8 मिलिमीटर अंतर असते. अकरा चक्रांच्या संचात ते चार मिलिमीटरहूनही कमी असते. ताणात थोडा फरक पडला तरी साखळी दोन चक्रांच्या मध्ये घुटमळते.

नवी सायकल पहिल्या काही आठवड्यांत हमखास असे करते. केबल ताणून लांब झाली, असे तेव्हा म्हटले जाते. वस्तुतः पोलादी केबल फारशी लांबत नाही. ती ज्या नळीतून जाते त्या नळीची टोके वापराने आपापल्या जागी घट्ट बसतात आणि केबल तेवढी सैल पडते. हा बिघाड नव्हे. तो काही मिनिटांत दूर करता येतो.

जुळणीची तीन स्थाने

मागच्या डिरेलरवर फिरविण्याजोगी तीन स्थाने असतात. प्रत्येकाचे काम स्वतंत्र आहे आणि एकाचे काम दुसऱ्याकडून होत नाही.

पहिले स्थान म्हणजे बॅरल ॲडजस्टर. केबल डिरेलरमध्ये शिरते तेथील बोटांनी फिरणारे हे गोल बोंड होय. याने केबलचा ताण बदलतो.

दुसरे स्थान दोन मर्यादा-स्क्रूंचे. त्यांवर बहुधा ‘एच’ आणि ‘एल’ ही अक्षरे असतात. डिरेलरने बाहेर किती जावे हे ‘एच’ ठरवितो, आत किती जावे हे ‘एल’ ठरवितो. ‘एल’ जास्त सैल झाला, तर साखळी सर्वांत मोठे चक्र ओलांडून चाकाच्या स्पोकमध्ये शिरते. डिरेलर मोडतो, चाक जागीच अडकते. हा प्रकार सर्वांत मोठ्या चक्रावर, म्हणजे नेमका चढावर आणि पाठीमागे वाहने असताना, घडण्याचा संभव असतो.

तिसरे स्थान ‘बी’ स्क्रूचे. डिरेलरची वरची लहान कप्पी आणि मोठे चक्र यांमधील फट तो कमीअधिक करतो. ही फट सर्वसाधारणपणे पाच-सहा मिलिमीटर असते. परंतु सायकलीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले माप प्रमाण मानावे.

प्रत्यक्ष कृती

मागचे चाक अधांतरी हवे. सायकल उलटी ठेवू नये. त्याने हँडलवरील तरफांना इजा होते आणि डावे-उजवे ध्यानात ठेवताना गोंधळ उडतो. झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधून सीट टांगावी, किंवा कोणाकडून तरी मागची बाजू उचलून धरावी. चाक फ्रेममध्ये सरळ व घट्ट बसले आहे ना, हे आधी पाहावे.

साखळी मागच्या सर्वांत लहान चक्रावर आणावी. एका हाताने पायडल फिरवीत तरफ एकदाच दाबावी. साखळी दुसऱ्या चक्रावर गेली नाही किंवा रेंगाळत गेली, तर केबल सैल आहे. अशा वेळी सायकलीच्या मागे उभे राहून बॅरल ॲडजस्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवावा व पुन्हा पाहावे. साखळी एकदम तिसऱ्या चक्रावर उडी घेत असेल, किंवा परत लहान चक्राकडे येताना अडखळत असेल, तर केबल जास्त ताणलेली आहे. बोंड काट्यांच्या दिशेने फिरवावे. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नको. किती पाव फेरे फिरविले ते मोजावे, म्हणजे चूक झाल्यास मूळ जागी परतता येते.

साखळी टोकाच्या चक्रापलीकडे पडत असेल, तरच मर्यादा-स्क्रूकडे वळावे. ती आतल्या बाजूला पडत असेल तर ‘एल’, बाहेरच्या बाजूला पडत असेल तर ‘एच’, पाव फेरा आत फिरवावा. मागून पाहता वरची कप्पी आणि त्या टोकाचे चक्र एका रेषेत दिसले पाहिजे. साखळी पडत नसताना या स्क्रूंना हात लावू नये.

स्क्रूच्या आवाक्याबाहेरचे दोष

मोठ्या चक्राकडे जाताना गिअर नीट पडतात पण परत येताना अडखळतात, ताण कमी केला की उलट होते, असा अनुभव येत असेल, तर केबल नळीत घासत असते. दिल्लीच्या धुळीत हे वारंवार होते. केबल पुसावी, खराब झाली असल्यास नळीसह बदलावी. तसेच सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर डिरेलर ज्या छोट्या पट्टीने फ्रेमला जोडलेला असतो ती हँगरची पट्टी वाकलेली असू शकते. ती बहुधा मुद्दाम मऊ धातूची करतात; फ्रेमऐवजी तिने वाकावे, हा हेतू असतो. वाकलेल्या पट्टीवर कितीही स्क्रू फिरविले तरी सर्व गिअर एकाच वेळी जुळत नाहीत. अशी सायकल झंडेवालानच्या सायकल बाजारात किंवा अन्य जाणत्या कारागिराकडे नेऊन पट्टी सरळ करून घ्यावी, अथवा बदलावी.

जुळणी झाल्यावर एक सवय लावून घ्यावी. साखळी फिरत असतानाच गिअर बदलतो. म्हणून सिग्नल दिसताच, थांबण्यापूर्वी, हलक्या गिअरवर यावे. चढाच्या बाबतीतही तेच. जोर लागू लागण्याआधी गिअर बदलावा. पूर्ण भार देऊन तरफ दाबल्यास उत्तम जुळलेली यंत्रणाही करकरते, आणि दोष नाहक केबलला दिला जातो.