थकलेल्या परिचारिकेपुढील वाटा

'रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा' हे वाक्य दवाखान्याच्या भिंतीपासून सत्कारसमारंभातील भाषणांपर्यंत सर्वत्र आढळते. वाक्य चांगले आहे; पण त्याचा एक तोटा असा, की जिला आपण देवीच्या जागी बसविले ती माणसासारखी थकते, हे मग आपल्या ध्यानात राहत नाही. पांढरा गणवेश, हसतमुख चेहरा आणि कधी न आटणारी माया अशी परिचारिकेची एक प्रतिमा आपण करून ठेवली आहे. ही प्रतिमा जिला पेलवेनाशी होते तिने काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

दिवसभर राबून अंग दुखले आणि रात्रीच्या झोपेने ते मोकळे झाले, तर तो साधा शीण होय. येथे अभिप्रेत आहे तो झोपेनेही न जाणारा शीण. फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्याचे वर्णन केले व त्याला 'बर्नआउट' असे नाव दिले. मराठीत आपण त्याला 'करपणे' म्हणू. भांड्यातले पाणी आटले तरी खालचा जाळ चालूच राहावा, तशी ही गत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणात त्याची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपून गेल्याची भावना, कामाविषयी मन तुटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. विशेष हे, की संघटनेने त्याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ न आवरल्यामुळे येणारी ती अवस्था आहे, असे म्हटले आहे. तेव्हा दोष बाईच्या स्वभावात शोधण्यापूर्वी तो कामाच्या रचनेत शोधावयास हवा. सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक आहे. रात्रपाळीला कोणत्याही वॉर्डात डोकावून खाटा मोजल्या, म्हणजे दंडक आणि व्यवहार यांतील अंतर कोणालाही दिसेल.

या विषयाकडे मी वळले त्याला घरचेच कारण आहे. माझी मावसबहीण पेणमधील एका खाजगी रुग्णालयात नऊ वर्षे परिचारिका आहे. "आता पेशंटची बेल वाजली की मला राग येतो, आणि राग आला म्हणून मग रडू येते," असे ती म्हणू लागली. नोकरी सोडून घरी पापड लाटीन, असाही तिचा विचार झाला होता. आमच्या दोन्ही घरांत महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सरकारी कागद असो की बँकेचा अर्ज, तो वाचावयास माझ्याकडे येतो. ताईचा प्रश्नही तसाच माझ्याकडे आला. रोहा-पेण या दोन तालुक्यांपुरता मी जो शोध घेतला, त्याचे सार पुढे देत आहे.

वाटा पाहण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. रुग्णाची खाट सोडली म्हणजे शुश्रूषेचा धर्म सोडला, असे अनेकींना वाटते. पण या व्यवसायाची आद्य प्रवर्तक मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात १८५४ ते १८५६ एवढाच काळ राबली. परत आल्यावर तिची प्रकृती ढासळली. त्यानंतर तिने जे काम केले ते बहुतेक खोलीत बसून आणि लेखणीने केले. सैनिक जखमांपेक्षा अस्वच्छतेमुळे होणाऱ्या रोगांनी अधिक मरतात, हे तिने आकडे मांडून व आकृत्या काढून सिद्ध केले. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री-सभासद झाली. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याविषयी १८६३ साली जो अहवाल निघाला, त्यामागेही तिचे परिश्रम होते. हातातला दिवा खाली ठेवल्यावर ती परिचारिका राहिली नाही, असे कोणी म्हणत नाही.

आपल्या भागातील पहिली वाट कारखान्यांची आहे. रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना हे सर्व आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवरचे. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुसज्ज प्रथमोपचार कक्ष असावा व तो वैद्यकीय आणि परिचर्या कर्मचाऱ्यांच्या ताब्यात असावा, अशी अट १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घातली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही असा कक्ष ठेवण्याची पाचशेची मर्यादा कायम आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियेच्या जागी काम करणाऱ्यांची नेमाने तपासणी करून आरोग्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक झाले. या नोंदी ठेवणे, श्रवणशक्तीची व फुप्फुसांची चाचणी घेणे, अंगावर आम्ल उडाल्यास प्रथम काय करावे हे कामगारांना शिकविणे, हे परिचारिकेचे काम. येथेही औषधपाणी आहेच. पण समोरची माणसे बहुधा धडधाकट असतात, आणि त्यांनी तशीच राहावीत यासाठी झटावयाचे असते. मात्र कारखान्यातही पाळ्या असतात. रात्रपाळीला कंटाळून निघालेल्या बाईने हा प्रश्न आधी विचारून घ्यावा.

दुसरी वाट शिकविण्याची. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका घेतलेल्या परिचारिकेला दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करता येतो, आणि पुढे दोन वर्षांची एम.एस्सी. परिचर्या विद्यालयात शिक्षिका होण्याचा मार्ग तेथून जातो. आपल्याच जिल्ह्यात कामोठ्याला असे महाविद्यालय आहे. ही वाट लांबची व खर्चाची खरी. पण महाराष्ट्रात हा व्यवसाय प्रतिष्ठित झाला तो शिक्षणाच्याच बळावर, हेही विसरू नये. पुण्यात १९०९ साली सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठविले, तेव्हा समाजाने नाके मुरडली होती. त्या काळी ज्यांनी ही विद्या घेतली, त्यांच्यामुळेच पुढच्या मुलींना वाट मिळाली.

तिसरी वाट कागदाची. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगड होता. २०१७ पासून तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव आहे. योजनेतील रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' असतात. शिधापत्रिका पाहणे, कोणता उपचार योजनेत बसतो ते सांगणे, मंजुरीसाठी कागद पाठविणे ही त्यांची कामे. आरोग्य विमा कंपन्यांतही दावे तपासणारी माणसे लागतात. रुग्णाचे कागद वाचून दिलेला उपचार आजाराशी जुळतो की नाही, हे त्यांना ठरवावे लागते. डॉक्टरांचे अक्षर आणि औषधांची नावे ज्या बाईने नऊ वर्षे वाचली आहेत, तिला हे कोणी नव्याने शिकवावे लागत नाही. ही कार्यालये बहुतेक मुंबई-नव्या मुंबईकडे आहेत. रोह्याहून गाडी आहे, पण रोजचा प्रवास हा स्वतंत्र शीण आहे, हेही हिशेबात धरावे.

चौथी वाट रुग्णालयातच आहे. एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ नये यावर देखरेख करणारी परिचारिका मोठ्या रुग्णालयात स्वतंत्रपणे नेमलेली असते. दर्जाचे प्रमाणपत्र देणारे 'एनएबीएच' हे मंडळ आल्यापासून नोंदी, तपासण्या आणि प्रशिक्षण यांचे काम वाढले आहे. हात धुण्याची शिस्त, सुयांची विल्हेवाट, औषध देताना झालेल्या चुकांची नोंद अशा गोष्टी तीच नेमक्या पाहू शकते, जिने त्या स्वतः केल्या आहेत.

याखेरीज पदवीच्या जोरावर स्पर्धा परीक्षांची वाट आहे. पदविकेवर थांबलेल्या परिचारिकेला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.ए. होता येते. म्हणजे ताई आणि मी एकाच इयत्तेत बसण्याचाही योग आहे!

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो कोण, म्हणून त्याही लिहिते. दुसरे काम हाती येण्यापूर्वी राजीनामा देऊ नये. अनुभवाचे प्रमाणपत्र नोकरीत असतानाच मागून घ्यावे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणी खाट सोडली तरी सोडू नये. ती मुदतीत नूतन करावी, कारण पुढे परतावेसे वाटले तर तोच दरवाजा आहे. झोप उडणे, जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. नोकरी बदलणे हा त्यावरचा उपचार नव्हे. आणि वेतन काय मिळेल ते लेखी घ्यावे.

वेतनाचा प्रश्न मूळ दुखण्याशीही जोडलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून २०१६ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना दरमहा किमान वीस हजार रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. आपापल्या गावातील परिचारिकेला तिच्या पगाराविषयी विचारावे; शिफारशीचे काय झाले ते कळेल. पुरेशा खाटांमागे पुरेशी माणसे आणि कामाचे योग्य दाम मिळाले असते, तर या लेखातील निम्म्या वाटा शोधाव्याच लागल्या नसत्या. जी जाते ती वाचते. पण तिच्या जागी कोणी आली नाही, तर मागे राहिलेल्या दोघी अधिक करपतात. त्यामुळे जाणारीला वाट दाखविणे आणि राहणारीचा भार हलका करणे, ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील.

ताईने अजून राजीनामा दिलेला नाही. धाटावच्या दोन कारखान्यांत तिने अर्ज केला आहे. अर्ज मी लिहिला. पण 'अनुभव' या रकान्यात काय काय लिहावयाचे ते तिने सांगितले, आणि तो रकाना अपुरा पडला म्हणून मागे कागद जोडावा लागला.